गाभ्याचा नंबर

८ जानेवारी, बुधवार

काल बेळगावहून परत आलो. रामनगर सोडून बस जोयड्याच्या झाडीत शिरली, गार वारा आत आला आणि मला चौथीच्या पुस्तकातली डोंगराची कविता आठवली. तेव्हा मी खानापूरला मामाकडे राहून शिकत होतो. शब्द आता अर्धेमुर्धेच राहिलेत, पण चाल पक्की आहे. चालीवरच गुणगुणत होतो. खिडकीशी बसलेल्या गिरजानं कोपर मारलं. "आवो, हळू. म्होरला माणूस झोपलाय."

गिरजाच्या छातीचा ठोका मधेच चुकतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक अटही घातली. रोज सकाळी तिच्या ठोक्यांचा आलेख त्यांच्या दवाखान्यात पोचला पाहिजे. तो पोचत राहिला तर आम्ही गुंदला, आमच्या गावी, राहू शकतो. नाही पोचला, तर पाऊस लागायच्या आत नागेशकडे, म्हणजे आमच्या मुलाकडे, बेळगावला मुक्काम हलवायचा. कारण पावसात आमचा रस्ता कधी वाहून जाईल याचा नेम नसतो, हे आम्हीच त्यांना सांगून बसलो.

त्यासाठी त्यांनी साबणाच्या वडीएवढं एक यंत्र वापरायला दिलं आहे. त्याच्यावर दोन्ही अंगठे ठेवायचे. त्याची तार कॉम्प्युटरला जोडायची. मोबाइलला गुंदमध्ये रेंज कुठली! मागल्या वर्षी पंचायतीत तारेचं इंटरनेट आलं, तेव्हा नागेशनं ते आमच्या पडवीपर्यंत ओढून आणलं, त्यावरच फोनही बसवला, आणि एका मित्राचा जुना कॉम्प्युटर ठेवून दिला. नातवंडांची तोंडं दिसावीत म्हणून.

मी मनाशी ठरवलं आहे. गुंद सोडायचं नाही. गिरजाला ह्या वयात उपटून सिमेंटच्या कुंडीत लावायचं काय? नागेशच्या घरी ती सारखी गॅलरीत बसून असायची. सुमंगला, आमची सून, जेवायला हाका मारून दमायची. गिरजाचा जीव गुंदकडे ओढत होता, दुसरं काय.

११ जानेवारी, शनिवार

दवाखान्यात यंत्रांचं बघणारी स्नेहा म्हणून मुलगी आहे. तिचा फोन आला. आलेख पाठवायचा प्रोग्रॅम ती इंटरनेटवरून आमच्या कॉम्प्युटरवर चढवून देणार.

"पण आज्जा, आधी मला तुमची सिस्टिम कुठली ते सांगा. आणि तिचं व्हर्जन किती."

"काळ्या रंगाचा आहे," मी म्हटलं. "थोडा घासलाय."

ती हसली नाही, एवढं खरं. म्हणाली, "तसं न्हाई ओ. कॉम्प्युटरच्या आत सगळं चालवणारी एक मूळ सिस्टिम असती. तिच्या नव्या नव्या आवृत्त्या निघतात. तुमच्याकडची फार जुनी असली तर आमचा प्रोग्रॅम त्याच्यावर बसत न्हाई."

मग तिनं मला कीबोर्डवरचं खिडकीचं बटण आणि आर एकदम दाबायला लावलं. काही झालं नाही. जोरानं दाबलं. तरी नाही. तिनं पुष्कळ विचार केला आणि म्हणाली, नेहमी सगळ्यांकडे असते ती सिस्टिम ही दिसत नाही. कुणीतरी फुकट मिळणारी दुसरी घातली असणार. तिला तिच्या साहेबांना विचारावं लागेल.

नागेशला फोन केला तर तो कारखान्यात, भट्टीच्या आवाजात. "बाबा, मला काय ठाऊक? मित्रानं घातली आणि मित्र गेला दुबईला!"

गिरजा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. "बसत नसंल तर ऱ्हाऊ दे की," म्हणाली. "कशाला एवढा जीव काढताय?"

माझ्या त्रासाची तिला फार काळजी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारची फुला तीळगूळ घेऊन आली. दोघी मागल्या अंगणात बसल्या आणि मी आत कोनफळाच्या फोडी तळत होतो, तेव्हा कानावर पडलं. गिरजा बेळगावच्या गोष्टी सांगत होती. गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, भाजीवाली त्यात भाजी घालते, वरून तिच्याशी भांडायचं, ती खालून भांडते. समोरच्या माडीवर एक म्हातारी असते, तिची गिरजाशी ओळख झाली, रोज तिथूनच हात करते.

फुला म्हणत होती, "मग तू काय करतीस?"

"मी पण करते की हात!"

दोघी हसून लोळल्या. फुलाला कधी बेळगाव बघायला मिळालं नाही, तिला बरं वाटावं म्हणून गिरजा किती रंगवून सांगते! कथेकरी व्हायची ही.

१६ जानेवारी, गुरुवार

आज एक नवलाची गोष्ट बघितली, ती नीट लिहून ठेवतो.

स्नेहाचा फोन सकाळीच आला. साहेबांनी तिला दोन ओळी लिहून दिल्या होत्या. आधी तिनं तीन बटणं एकत्र दाबायला लावली. एका हाताला जमेना, दुसऱ्या हातात फोन. गिरजाला म्हटलं, ये, हे टी दाब. तिनं ओल्या बोटानं दाबलं आणि पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. त्यात चित्र नाही, फूल नाही, काही नाही. एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

"आता हितं जे लिहाल त्याला तो उत्तर देणार," स्नेहा म्हणाली. "पण अक्षर न् अक्षर बरोबर पायजे. जागा सोडायची तिथं सोडायची, न्हाई तिथं सोडायची न्हाई."

मला मामाच्या गावची शाळा आठवली. आमचे गुरुजी कविता म्हणून घ्यायचे तेव्हा डोळे मिटून बसत. पन्नास पोरांच्या आवाजात कुणाचा एक काना घसरला तरी डोळे न उघडता त्याचं नाव घेत. मग पहिल्यापासून. रागवायचे मात्र नाहीत. ही काळी खिडकी तशीच आहे. मी दोनदा चुकलो, तर तिनं एवढंच सांगितलं की अशी आज्ञा मला ठाऊक नाही. पुन्हा रेघ लुकलुकायला लागली. बस, सांगा पुन्हा.

पहिली ओळ अशी होती:

uname -r

ठोकून मोठं बटण दाबलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली आकडा उमटला. 5.15 आणि त्याच्यापुढं शेपटीसारखं बरंच काही. काय सांगू! दांडेलीच्या लाकडाच्या डेपोत माझं आयुष्य गेलं. ओंडका उतरला की आधी त्याच्या कापल्या तोंडावर हातोड्यानं ठोकलेला नंबर बघायचा आणि ओरडून सांगायचा. नंबर दिसला की काम झालं, पुढचा ओंडका. मी तसाच ओरडलो, "पाच पॉइंट पंधरा!"

"पाच?" स्नेहाचा आवाज पडला. "आज्जा, आम्हाला कमीत कमी वीस लागतं. पाच म्हंजे लई जुनं झालं ओ."

दुसऱ्या ओळीचं काही बोलायच्या आधीच फोन कट झाला. पण आकडा तर कळला होता. परत लागला तेव्हा ती म्हणाली, सॉरी आज्जा, ह्याच्यावर न्हाई चालायचं. आणि नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर नागेश कर्ज काढून घेईल, ते मी त्याला करू देणार नाही.

गिरजाला सांगितलं.

"मग न्हाई म्हंजे न्हाईच का?"

"न्हाईच."

"आनि काय उपाय?"

"काही नाही. पावसाच्या आत बेळगाव."

ती आत गेली. जेवताना तिनं माझ्या ताटात गुळाचा खडा आणि वर तूप वाढलं, सणासारखं. माझं मन राखायला. खडा मी तसाच ताटाच्या कडेला ठेवला.

२० जानेवारी, सोमवार

गिरजा धीराची बाई आहे. मी नुसता बसून राहतो आणि ती घर आवरते आहे. कोंबड्या फुलाला देऊन टाकल्या. बियाण्याची काकडी कुणाला, मिरचीचं बी कुणाला, सगळं वाटून झालं. पाऊस अजून कुठल्या कुठे, तर म्हणते, "आदीच केलेलं बरं."

आज ती नारळ घेऊन राखणदाराकडे गेली होती. आमच्या शिवारावर राखण करणारा देव, वडाखाली त्याचा दगड आहे. म्हादू तिथला पुजारी, माझ्याच वयाचा. तिनं म्हादूला कौल लावायला सांगितला. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या दगडाला दोन्ही बाजूंनी चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बसायचं. उजवीकडची पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली म्हणे, आणि तीही लगेच.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"मागायचं ते मागितलं."

घर सोडावं लागतंय, सोसायची ताकद दे, असंच मागितलं असणार. परत आल्यापासून ती भात सडताना गाणं म्हणते आहे. आतून रडणारी माणसं असं गातात, हे मला कविता वाचून ठाऊक आहे.

माझी मात्र भीती मी इथं लिहितो, तिला सांगत नाही. बेळगावला मी कोण? इथं मला लाडू वेळीप म्हणून वारासुद्धा ओळखतो. तिथं मी तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा. सकाळी दोन ओळी जुळल्या:

डोंगर निजला धुके पांघरुनी,
ओढा सांगे गाऱ्हाणे लांबुनी.

गिरजाला म्हणून दाखवल्या. म्हणाली, "ओढ्याचं गाऱ्हाणं काय हाय पन?"

"कवितेत असं विचारायचं नसतं," म्हटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आज आनंदाची गोष्ट, ती आधी लिहून टाकतो.

स्नेहाचा फोन यंत्र परत कसं पाठवायचं ते सांगायला आला होता. बोलता बोलता म्हणाली, "आज्जा, आमच्या साहेबांना तुमचा आकडा दाखवला तर त्येनी मलाच विचारलं, दुसरी ओळ टाईप केलीस का? पहिल्या ओळीनं म्हंजे फक्त गाभ्याचा नंबर येतो. सिस्टिमच्या पोटात जो गाभा असतो त्याचा. सगळ्या सिस्टिमचं व्हर्जन दुसऱ्या ओळीनं येतं. मी पण नवीनच हाय ओ, मला वाटलं तेच."

मी कपाळावर हात मारला. लाकूडवाल्याला गाभा काय ते शिकवायला पाहिजे? ओंडक्याच्या आतलं लाल लाकूड वेगळं आणि अख्ख्या ओंडक्याची प्रत वेगळी. आणि मी पहिला नंबर बघितला आणि ओरडलो! डेपोतली सवय. हातोड्याचा नंबर दिसला की माणूस वाचायचं थांबतो.

"सांग दुसरी ओळ."

ही ओळ अवघड निघाली.

cat /etc/os-release

तिरप्या रेघा दोन जातीच्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. एक पुढं वाकते, एक मागं. मी मागं वाकणारी घातली, तर अशी फाइलच नाही म्हणाला. मग जागा सोडायची राहिली. गिरजा भाजी चिरत होती, तिला सांगितलं की पहिला शब्द म्हणजे इंग्रजीत मांजर. म्हणाली, "मांजराला विचारून घर चालवायची पाळी आली का आता?"

तिसऱ्यांदा बरोबर लागली. एका आकड्याऐवजी ओळीच ओळी उमटल्या, पाठ केलेल्या कवितेसारख्या एकाखाली एक. सिस्टिमचं नाव, तिच्या घराण्याचं नाव, आणि व्हर्जन म्हणून स्वच्छ लिहिलेलं: 22.04.

"बावीस!" मी म्हटलं. "बावीस पॉइंट शून्य चार!"

"आज्जा!" स्नेहा ओरडली. "चालतंय! वीसच्या वर हाय! चालतंय!"

मी पडवीतून आत धावलो. ह्या वयात मी धावलो. "गिरजा, राहायचं! इथंच राहायचं! आपला कॉम्प्युटर जुना नाहीच, मी गाभ्याचा नंबर सांगितला होता!"

ती विळीवर बसली होती, हातात भोपळा होता. तिनं भोपळा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

"बरं झालं," म्हणाली.

मग ती उठली. अंगणात जाऊन उभी राहिली. आनंद फार झाला की माणसाला घर पुरत नाही. चुलीवर भात लागला तरी तिला वास आला नाही, मीच उतरवला.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी कोंबड्या परत आणायला गेलो. फुला देईना असं नाही, कोंबड्याच येईनात. अंगणभर मी आणि फुला धावतोय, आणि फुलाचा नवरा कान्हू ओट्यावर बसून म्हणतोय, "लाडूबा, त्येंचं मन रमलंय हितं. जाऊ दे की आता." शेवटी एक तुरेवाली तेवढी सापडली. घरी आणून सोडली तर ती कुंपणाखालून परत फुलाकडे.

गिरजाला सांगितलं. मला वाटलं हसेल. म्हणाली, "तिचं तिला कळतंय."

२८ जानेवारी, मंगळवार

स्नेहानं प्रोग्रॅम चढवून दिला. आता रोज सकाळी न्याहारीआधी गिरजा अंघोळ करून, केस विंचरून, फोटो काढायला बसावं तशी कॉम्प्युटरसमोर बसते. दोन्ही अंगठे ठेवते. पडद्यावर हिरवी रेघ डोंगर चढते, उतरते, चढते. क्वचित एखादा डोंगर चढायचा राहून जातो. तेवढ्यात मी पुढं वाकून पुढचा चढतोय का ते बघतो. पण डॉक्टरांनी निरोप पाठवला की गोळ्या लागू पडतायत आणि आलेख नीट पोचतोय. असंच चालू ठेवा.

"झालं का?" ती रोज विचारते. "गेलं बेळगावला?"

"गेलं."

"त्येचं बरं हाय," म्हणते आणि उठते.

मी तिला समजावलं की यंत्र इथंच राहतं, जाते ती नुसती रेघ. ती माझ्याकडे बघत राहिली. ह्या तांत्रिक गोष्टी तिला कळायला वेळ लागेल.

गाणं मात्र थांबलं आहे. थंडीनं घसा धरला असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

आज ओढ्यावर म्हादू भेटला. गुरांना पाणी दाखवत होता.

"काय गा लाडू, तू अजून हितंच?"

"मग कुठं जाणार? कॉम्प्युटर चालतोय आमचा."

"ते तुजं झालं. मी गिरजाक्काचं विचारतोय. राखणदारानं तिला उजवा दिला. मग मन फिरलं का काय तिचं?"

मी म्हटलं, "उजवा दिला म्हणजे तिला धीर दिला त्यानं."

म्हादूनं काठी जमिनीला टेकली. "धीर कसला? ती जागा सोडायची परवानगी मागत होती. लगीन होऊन तुज्या शिवारात आली, तेव्हापासनं त्येच्या राखणीत हाय. न विचारता कशी जाईल? म्हणाली, पावसाळ्याचे म्हयने मला लेकाकडं सोड, माझं मन तिकडं हाय. पाण्यात पाकळी टाकावी तशी लगीच पडली बघ. माज्या हातनं एवढ्या लवकर कदी पडली न्हाई."

"माझं मन तिकडं हाय असं म्हणाली?"

"मी भैरा न्हाई अजून," म्हादू म्हणाला आणि म्हशीला हाकायला गेला.

मी ओढ्यात पाय सोडून बसलो. पाणी गार होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो. त्यात माझं काही घालत नाही.

मी विचारलं, "तुला बेळगावला जायचंय?"

ती भांडी घासत होती. राखेचा हात थांबला. "म्हादूच्या पोटात काय ऱ्हात न्हाई."

"तू मला का सांगितलं नाहीस?"

"कदी सांगू? तुमी त्या डॉक्टरला विचारलंसा, पोरीला विचारलंसा, त्या काळ्या खिडकीला विचारलंसा. मधी मला घुसायला जागा कुटं होती?"

"पण मी तुझ्यासाठीच करत होतो हे सगळं. तुझं मन इथं आहे म्हणून."

"माझं मन हितं हाय असं मी म्हटलं कदी?"

मी आठवायचा प्रयत्न केला. म्हटलं होतं असं मला वाटत होतं. पण शब्द आठवेनात.

ती राख धुवायला लागली. मग माझ्याकडे न बघता बोलली. "माहेरातनं, दिग्गीतनं हितं आले तेव्हा मला वाटलं, आपण मोठ्या गावात चाललो. तिथं आमच्या घराभोवती जंगलच. हितं निदान वीस उंबरे हाईत. पन पावसात कोण कुणाकडं येतंय? धूर, ओल, आनि तुमी. आनि तुमी पन हितं नसताच, मामाच्या गावच्या शाळंत असता. मला माणसं बघायची हाईत ओ. जत्रंतली न्हाई, नुस्ती रोजची. कोण कुटं चाललंय, कुणाची पिशवी जड हाय, कोण कुणाशी भांडलं. चार म्हयने मला ते पायजे. भात कापायला येते की परत."

"आणि मी?"

"तुमाला कुटं चल म्हणाले मी? तुमी हितं खुशाल हाय. मी राखणदाराला माझ्यापुरतंच विचारलं."

"मी एकटा इथं काय करू?"

"तुमाला कविता हाईत की," म्हणाली. टोमणा होता का? नीट बघितलं तिच्या तोंडाकडे. टोमणा नव्हता. ती खरंच तसं समजते. मला पुरतील म्हणून.

संध्याकाळी नागेशला फोन केला. त्याला सगळं ठाऊक होतं. सुमंगलालाही. गॅलरीच्या बाजूची खोली त्यांनी आईसाठी रिकामी करून ठेवली आहे. खिडकीला जाळीही लावली म्हणे, डास येतात म्हणून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज काहीच केलं नाही. आलेख पाठवला. तिनं विचारलं नाही गेला का. मीच सांगितलं, "गेला." नंतर किती तरी वेळ हिरव्या रेघेकडे बघत बसलो. मी तिच्या छातीचे ठोके रोज पाठवतो आहे आणि रोज बघतो आहे, आणि मला त्यातलं काही वाचता येत नाही. ते डॉक्टरांना येतं.

एक गोष्ट खरी की मला राग आला होता. कुणाचा ते नक्की नाही. दुपारपर्यंत गेला. मग नुसतं रिकामं वाटायला लागलं. पावसाळ्यात ह्या घरात मी एकटा, तिची राखेची बादली कोपऱ्यात, आणि मी मोठ्यानं कविता म्हणतोय आणि "हळू" म्हणणारं कुणी नाही. मला ते चित्र पुढं नेववेना.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी नारळ घेऊन राखणदाराकडे गेलो. म्हादूला म्हटलं, माझ्यासाठी कौल लाव.

त्यानं दगड धुतला, पाकळ्या भिजत घातल्या. मी हात जोडले आणि सुरुवात केली. हे राखणदारा, तुझ्या सावलीत वाढलो, तुझ्या ओढ्याचं पाणी प्यालो, तुझ्या रानातल्या धुक्यानं मला...

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," म्हादू म्हणाला. "त्येला एवढं ऐकायची सवय न्हाई. व्हय का न्हाई एवढंच त्येला सांगता येतं. तू एका वाक्यात विचार."

एका वाक्यात मला जड गेलं. पण विचारलं. "मी गिरजाबरोबर बेळगावला जाऊ का?"

म्हादूच्या बोटांवर पाकळी होती, ओली. ती त्यानं दगडाला लावली नाही. परत वाटीत टाकली.

"हे त्येच्या हातातलं न्हाई."

"का? तिला उत्तर दिलं की त्यानं."

"तिनं जागा सोडायची परवानगी मागितली. ती त्येनं द्यायची. तुला पन दील, मी सांगतो, तू काय त्येनं एवढं धरून ठेवण्यासारखा न्हाईस. पन बायकोबरोबर ऱ्हाऊ का हे देवाला काय विचारतोस? तिला विचार जा."

नारळ मात्र त्यानं ठेवून घेतला.

घरी आलो. गिरजा पडवीत सूप घेऊन तांदळातले खडे वेचत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. गुडघे वाजले. रस्ताभर चार-पाच वाक्यं जुळवत आलो होतो. ती सगळी सोडून दिली.

"गिरजा, मी येऊ का तुझ्याबरोबर?"

तिचं वेचणं थांबलं नाही. एक खडा अंगणात टाकला.

"तिथं भिंतीपल्याड माणसं ऱ्हातात. सकाळच्या पारी कविता म्हणता येणार न्हाईत."

"नाही म्हणणार."

"मी गॅलरीत बसले की मधी येऊन बोलायचं न्हाई. बघताना मला बोललेलं चालत न्हाई."

"नाही बोलणार."

"आनि उठल्या बसल्या गुंदचं नाव काढायचं न्हाई. मला समजंल तुमाला आठवण येते ते. बोलून दाखवायची गरज न्हाई."

ह्याला मी लगेच हो म्हटलं नाही. खोटं झालं असतं. म्हटलं, "कधी कधी काढीन."

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. आपल्याला विचारायला कोणी आलं आहे आणि तो उत्तरासाठी थांबणार आहे, हे तिला बहुतेक नवीन असावं. तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं हात पुसले.

"विचार करून सांगते," म्हणाली आणि आत गेली.

दुपार कलली आहे. मी पडवीतच बसलो आहे. आत भांडं वाजलं, मग पाणी ओतल्याचा आवाज आला, आता काहीच नाही. समोर डोंगर स्वच्छ दिसतो, वर एक ढग आहे, एवढं सगळं आहे आणि मला एकही कविता आठवत नाही.